माळ घातल्यानंतरचे ताट

आषाढीची वारी करून परतलेला एखादा शेतकरी गळ्यात तुळशीची माळ घालून येतो आणि त्या दिवसापासून त्याच्या घरच्या स्वयंपाकात मोठा पालट होतो. निपाणी-चिकोडीच्या टापूत, दूधगंगेच्या खोऱ्यातील बोरगावसारख्या गावांत हा प्रसंग नवा नाही. माळकरी म्हणजे मद्य व मांस सोडलेला मनुष्य, एवढे लहान पोरालाही ठाऊक असते. व्रत घेणाऱ्याचा निश्चयही बहुधा पक्का असतो. परंतु वर्ष-दीड वर्ष लोटले की पारावर बोलणे सुरू होते, ‘माळ घातली अन् गडी निम्मा झाला.’ उसाची मोळी उचलताना त्याला दम लागतो, दुपारनंतर हातपाय गळतात, कामावरून लक्ष उडते. मग कोणी वडीलधारा दबक्या आवाजात सुचवितो की, औषध म्हणून थोडा रस्सा घेतला तर देव काही रागावणार नाही. व्रत मोडावे की देह झिजू द्यावा, असा पेच त्या घरापुढे उभा राहतो. माळ उतरवून ठेवणे ही माळकऱ्याच्या घरात हलकी गोष्ट नसते.

हा पेच खरा आहे काय, हे पाहण्यास दूर जाण्याचे कारण नाही. याच गावांतून पिढ्यान्पिढ्या मांसाला न शिवलेले जैन व लिंगायत शेतकरी राहतात. त्यांनी नांगर धरले, मोटा हाकल्या, तंबाखूची राने राखली. बोरगावच्या जवळच असलेल्या भोज गावचे सातगोंडा पाटील, जे पुढे आचार्य शांतिसागर (१८७२–१९५५) म्हणून देशभर वंदनीय झाले, ते अशाच शेतकरी घरातले. तेव्हा मांसावाचून कष्ट होत नाहीत, हे म्हणणे या मातीतच खोटे ठरते. मात्र त्यातून निघणारा दुसरा अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. ज्या घराने कधीच मांस खाल्ले नाही, त्या घराच्या चुलीला त्याची उणीव भरून काढण्याची सवय जडलेली असते. डाळ किती शिजवायची, दही-ताकाचे काय करायचे, शेंगदाण्याचे कूट कशाकशात घालायचे, हे तेथील सुनेला सासूकडून आपोआप मिळते. नव्या माळकऱ्याच्या घरी तसे होत नाही. तेथे ताटातून एक पदार्थ उठतो आणि त्याच्या जागी पुष्कळदा बटाटा येऊन बसतो.

आता थोडा हिशेब करावा. कष्टकऱ्याच्या घरात मटण शिजते ते बहुधा आठवड्यातून एकदा. पाच माणसांत अर्धा किलो आणले, तर हाडे वजा जाता एकेकाच्या वाट्याला पाऊणशे ग्रॅम मांस येते. त्यात प्रथिने सुमारे पंधरा ग्रॅम. सात दिवसांवर वाटली तर रोजची दोन ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सांगितलेल्या प्रमाणानुसार पासष्ट किलो वजनाच्या पुरुषास रोज ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ज्या रविवारच्या रश्श्याला अंगातल्या साऱ्या ताकदीचे श्रेय दिले जाते, तो चोपन्नातील दोन ग्रॅम पुरवीत होता! बाकीची बावन्न तेव्हाही भाकरी, डाळ आणि उसळच पुरवीत होती. किंवा पुरवीत नव्हती. माळ घातल्यावर दिसू लागलेला अशक्तपणा पुष्कळदा माळेच्या आधीपासूनच घरात असतो. रविवारच्या भरल्या ताटाने तो आठवड्यातून एकदा झाकला जाई, इतकेच.

तरीही एक गोष्ट या हिशेबातून निसटते. मटणाबरोबर अंडे जाते, सुकट जाते, बोंबील जातो, नदीची मासळी जाते. या किरकोळ वस्तूंना कोणी मेजवानी म्हणत नाही; परंतु त्या आठवड्यातून तीन-चार वेळा पोटात जात असतात, आणि खरे पाहता मटणापेक्षा त्यांच्या जाण्यानेच ताटात मोठे भोक पडते. ते कशाने बुजवावे, हा मुद्द्याचा प्रश्न होय.

जोंधळ्याच्या भाकरीला दुबळी समजण्याचे कारण नाही. कष्टाचा गडी दिवसाकाठी चारशे ग्रॅम पीठ सहज खातो आणि त्यातून त्याला चाळीसएक ग्रॅम प्रथिने मिळतात. उणीव आहे ती त्या प्रथिनांच्या घडणीत. शरीराला स्नायू बांधण्यासाठी जे अनेक घटक लागतात, त्यांतील लायसिन नावाचा घटक जोंधळ्यात फार थोडा असतो. भिंतीसाठी विटा पुष्कळ आल्या आणि चुना कमी पडला, तर भिंत चुन्याच्या बेतानेच उठते, तसे हे होते. हाच घटक हुलगा, मटकी, तूर, हरभरा, चवळी यांत विपुल असतो; आणि कडधान्यांत जे कमी, ते जोंधळ्यात पुरेसे असते. दोन्ही एका ताटात आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. प्रमाण ढोबळपणे सांगायचे तर तीन भाकरींच्या पिठाला एका भाकरीच्या पिठाइतके कोरडे कडधान्य किंवा डाळ. येथेच बहुतेक घरांचे गणित चुकते. मटणाचा रस्सा पातळ असला तरी तळाशी फोडी असत. डाळीची आमटी त्याच पातळपणाने केली, तर तळाशी काहीच उरत नाही. भाकरी बुडते, चव येते, पोट भरते, पण डाळ पोटात जाते ती चमचाभर. माळकऱ्याच्या घरची आमटी घट्ट असली पाहिजे. झुणका, पिठले, मोडाच्या मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे हे पदार्थ पाहुण्यांपुढे मांडायला काहींना ओशाळवाणे वाटते. परंतु अंगमेहनतीच्या माणसाला त्यांच्याइतके उपकारक अन्न या मुलखात थोडेच आहे.

याच शिवारात आणखी एक पीक आज मोठ्या प्रमाणावर होते, ते सोयाबीन. शंभर ग्रॅममागे त्यात ३५ ग्रॅमांहून अधिक प्रथिने असतात, म्हणजे वजनास वजन धरले तर मटणाच्या जवळजवळ दुप्पट. गंमत अशी की, पोती भरून ते बाजारात जाते, तेलाच्या गिरणीत जाते, आणि पिकविणाऱ्याच्या घरात त्यातले ओंजळभरही राहत नाही. सोयाबीन कच्चे खाऊ नये. त्यातील काही द्रव्ये प्रथिनांचे पचन रोखतात. ते चांगले भाजून किंवा उकडून, वाळवून दळावे आणि दहा भाग पिठात एक भाग मिसळावे. भाकरीची चव फारशी बदलत नाही.

ताकद म्हणजे केवळ प्रथिने नव्हेत. भारी कष्ट करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे साडेतीन हजार आणि तशा कष्टाच्या स्त्रीला सुमारे सत्तावीसशे उष्मांक लागतात. डाळी-भाज्यांचे जेवण चोथ्याने भरलेले असते. पोट लवकर तुडुंब होते आणि उष्मांक मात्र अपुरे राहतात. मटणाच्या तर्रीबरोबर पोटात जाणारे तेल व चरबी बंद झाल्यावर ही तूट वाढते. यावर शेंगदाण्यासारखा इलाज नाही. मूठ-दीड मूठ शेंगदाण्यांत, म्हणजे पन्नास ग्रॅमांत, पावणेतीनशेच्या वर उष्मांक आणि बारा ग्रॅम प्रथिने असतात. गुळाच्या खड्याबरोबर हे दाणे दुपारच्या कामाआधी खाल्ले, तर तिसऱ्या प्रहरीची गळाठ पुष्कळ कमी होते. तीळ, जवस आणि कारळ्याची चटणी हीदेखील ताटात नुसती तोंडी लावण्यापुरती न राहता चमचा-दोन चमचे असावी. येथे एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. माळ घालणारा मांस सोडतो, दारू सोडतो. कनवटीची तंबाखूची पुडी मात्र सुटत नाही. ज्या भागाने तंबाखूवर संसार चालविले त्या भागात ती व्यसनांत मोजली जात नाही, हे समजण्यासारखे आहे. पण तंबाखू भूक मारते. दुपारची भाकरी लांबवून बार भरणारा मनुष्य अशक्त झाला, तर दोष माळेचा नसतो.

येथपर्यंत जे सांगितले ते सारे शेतात उगवते. एक वस्तू मात्र अशी आहे की, ती कोणत्याही शेतात उगवत नाही. तिचे नाव ब-१२ जीवनसत्त्व.

या शोधाची कथा मुंबईहून जाते. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ साली मुंबईस आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका जीवघेण्या पांडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. या रोगात रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटतात, पण आकाराने वाढतात. यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर त्या बाया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. तशाच मोठ्या पेशींचा दुसरा एक पांडुरोग मात्र यकृत खाऊ घातल्यानेच पुरता बरा होई. यकृतातील ते द्रव्य १९४८ साली वेगळे काढण्यात यश आले, तेच ब-१२. सृष्टीत ते काही सूक्ष्म जंतूच तयार करतात. जनावरांच्या मांसात, यकृतात, अंड्यात व दुधात ते सापडते. धान्यात, डाळीत, भाजीत, फळात नाही. आंबील किंवा इतर आंबविलेल्या पदार्थांतून ते मिळते, असे पुष्कळ सांगितले जाते, पण त्या भरवशावर राहता येत नाही.

गरज किती, तर दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यांतले दोन-अडीच! शिवाय यकृतात त्याची पुंजी साठलेली असते आणि ती काही वर्षे पुरते. फसगत होते ती येथेच. माळ घातल्यावर पहिल्या वर्षी काही होत नाही, दुसऱ्या वर्षीही होत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पायांना मुंग्या येऊ लागतात, जीभ लाल होऊन झोंबते, अंधारात चालताना तोल जातो, विसर पडू लागतो, थकवा विश्रांतीनेही जात नाही. इतक्या काळानंतर या दुखण्याचा आणि ताटाचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. कोणी वाताची तक्रार समजतो, कोणी वय झाले म्हणतो. वेळेवर ओळखले तर हे दुखणे गोळ्यांनी किंवा इंजेक्शनांनी हटते; फार उशीर झाला तर मज्जातंतूंची झालेली हानी पुरती भरून येत नाही.

ही उणीव किती पसरलेली आहे, याचा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील मिळून ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. शंभरांतील ६७ जणांत ब-१२ कमी निघाले. शहरी मध्यमवर्गात हेच प्रमाण ८१ होते. शाकाहारी माणसास हा धोका सुमारे साडेचार पट अधिक असल्याचे आढळले. परंतु सदुसष्ट हा आकडा मांस खाणाऱ्यांना धरून आहे, हेही विसरता कामा नये. अधूनमधून मटण खाणाऱ्याचीही ही पुंजी तोकडीच असते. ज्या जैन व लिंगायत घरांचा दाखला वर दिला, त्यांनीही पिढ्यान्पिढ्यांच्या सवयीवर विसंबून निश्चिंत राहू नये.

मांस न खाणाऱ्याला ब-१२ मिळण्याचा घरगुती मार्ग एकच, तो म्हणजे दूध. अर्धा लिटर दुधातून दिवसाची गरज जवळपास भागते. चहात घातलेल्या चार चमच्यांनी ती भागत नाही, आणि दूध फार वेळ आटविले तर त्यातील काही अंश नाहीसा होतो. दावणीला म्हैस आहे म्हणून घर निर्धास्त असते. पण पहाटे धार निघते ती कॅनमध्ये, कॅन जातो डेअरीवर, आणि घरात उरते ते चहापुरते. दुधाचे पैसे पंधरवड्याने हातात येतात व त्यांतून खत, फी, उसनवारी भागते, हे कोणी नाकारीत नाही. तरी ज्या घराने मांस सोडले, त्याने एका माणसामागे निदान पावशेर दूध किंवा त्याचे दही आधी बाजूला काढून मग कॅनचे झाकण लावावे. ज्यांना दूध परवडत नाही किंवा पचत नाही, त्यांना औषधाच्या दुकानातील ब-१२ ची गोळी पुरेशी होते. ही गोळी मांसापासून काढीत नाहीत; जंतूंच्या साहाय्याने आंबवून बनवितात. त्यामुळे माळकऱ्यास ती घेण्यास हरकत नसावी. कॅप्सूलचे आवरण मात्र पुष्कळदा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जिलेटिनचे असते, म्हणून कॅप्सूलऐवजी गोळी मागून घ्यावी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांना आणि पित्तावरील गोळ्या रोज घेणाऱ्या वृद्धांना हे जीवनसत्त्व शोषण्यात अडथळा येतो. त्यांनी तपासणी टाळू नये.

फोलिक आम्लाचा उल्लेख वर आला, त्याला जोडून एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पालेभाज्या व डाळी खाणाऱ्याला फोलिक आम्ल पुष्कळ मिळते. लोहाच्या गोळीतही ते असते. ब-१२ नसताना त्याने रक्त सुधारल्यासारखे दिसते, परंतु मज्जातंतूंची झीज आतल्या आत चालूच राहते. रक्ताचा अहवाल चांगला आला आणि पायांच्या मुंग्या गेल्या नाहीत, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

आतापर्यंत माळ घालणाऱ्या पुरुषाचाच विचार झाला. पण त्याच्या व्रतात एक भागीदार असते आणि तिला कोणी विचारलेले नसते. नवऱ्याने माळ घातली की घरात मटण शिजणे बंद होते. बायकोने माळ घातलेली नसली तरी तिचेही बंद होते. तोवरही तिच्या वाट्याला बहुधा शेवटचा रस्साच येत असे. भरीस भर म्हणजे लोहाची गरज तिला पुरुषाहून जास्त असते. पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम, तर तिला २९. देशात २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना पांडुरोग असल्याचे दिसले. मांसातील लोह शरीरात सहज शोषले जाते. धान्य-भाजीतील लोह अडखळत शोषले जाते. त्याची अडचण दूर करण्याचे उपाय स्वयंपाकघरातच आहेत. कडधान्याला मोड आणले की लोहाला धरून ठेवणारे द्रव्य घटते. उसळीवर लिंबू पिळले, जेवणात आवळा, पेरू किंवा कच्ची कोशिंबीर असली, की शोषण वाढते. म्हैसूरच्या अन्नतंत्र संशोधन संस्थेतील प्रयोगांत कांदा व लसूण यांच्या संगतीने धान्यातील लोह व जस्त अधिक मोकळे होते, असे आढळले आहे. चातुर्मासात जे कांदा-लसूण वर्ज्य करतात, त्यांनी लिंबाचा हात सढळ ठेवावा. जेवणावर लगेच चहा पिऊ नये. तासभर जाऊ द्यावा. गुळात लोह असते खरे, पण खडाभर गुळाने पांडुरोग जात नाही. आणि तंबाखूची मशेरी लावून भूक मारणाऱ्या बाईने अशक्तपणाचे खापर उपासावर फोडू नये.

उपासाचे म्हणाल तर माळकऱ्याला महिन्यातून दोन एकादश्या ठरलेल्याच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याला जे सत्त्व येते ते शेंगदाण्याच्या कुटाने. राजगिरा त्याहून पुष्कळ सरस. त्यात जोंधळ्यात उणे असलेले लायसिनही भरपूर असते.

राहता राहिली मुले. गरोदरपणी व अंगावर पाजताना आईला ब-१२ कमी पडले, तर ते तान्ह्याच्या वाट्यालाही कमी येते आणि त्याची वाढ व बुद्धी दोन्ही मंदावू शकतात. म्हणून माळकऱ्याच्या घरी सून गरोदर राहिली की लोहाच्या गोळीबरोबरच ब-१२ बद्दलही डॉक्टरांना विचारावे. शाळेत जाणाऱ्या मुलांपुढे निराळा प्रश्न येतो. कर्नाटकातील सरकारी शाळांतून २०१३ साली क्षीरभाग्य योजनेने दूध सुरू झाले. पुढे २०२२ साली दुपारच्या जेवणाबरोबर अंडे आले; जे ते खात नाहीत त्यांच्यासाठी सुरुवातीला केळे किंवा शेंगदाण्याची चिक्की असा पर्याय ठेवला गेला होता. माळेच्या घरचे मूल बहुधा केळ्याकडे हात करते. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि थोडे ब-१२ ही असते. केळ्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम असतात आणि ब-१२ मुळीच नसते. मुलाने दुधाचा पेला तसाच परत पाठवू नये, एवढे त्याला सकाळी दप्तर भरतानाच सांगून ठेवावे.